दगा देणारा गुडघा घेऊन रोज कामावर जाताना

गुडघ्याची झीज झालेल्या माणसाला दुखण्याची सवय होऊन जाते. पण गुडघ्यातलं बळ मधेच एकदम निघून जातं, पाय लचकतो, त्याची सवय होत नाही. दुखण्यापेक्षा त्या भीतीनेच अनेक जण वेळेआधी नोकरी सोडतात. नीट लक्ष ठेवलं तर दिसतं की गुडघा वाटेल तेव्हा दगा देत नाही. बहुतेक वेळा तो चार ठिकाणी सोडतो: बराच वेळ बसून उठल्यावरच्या पहिल्या चार-पाच पावलांत, जिना उतरताना, पाऊल टेकलेलं असताना अंग वळवलं की, आणि लोकल, बस किंवा सरकत्या जिन्यावर चढता-उतरताना. सपाट रस्त्यावर सरळ चालताना तो सहसा साथ देतो. म्हणजे सांभाळायचे आहेत ते हे बदलाचे क्षण. खाली जे सांगितलं आहे ते सगळं त्यांच्यासाठीच आहे.

बळ का जातं

कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, झिजते, हाडांमधली फट कमी होते, हे एक्स-रेत दिसतं आणि सगळे त्याच्याच मागे लागतात. पाय सुटण्याचं सगळ्यात मोठं कारण मात्र मांडीच्या पुढच्या स्नायूत असतं. गुडघा दुखला किंवा त्यात पाणी झालं की शरीर या स्नायूला आपसूक ढिला सोडतं. त्यासाठी गुडघा टम्म फुगावा लागत नाही. वीस-तीस मिलिलिटर, म्हणजे चार-सहा चहाचे चमचे पाणी साचलं तरी गुडघ्याच्या वाटीच्या आतल्या बाजूचा स्नायू नीट आवळला जात नाही. मग माणूस तो पाय कमी वापरतो, मांडी बारीक होते, आणि पाय आणखी लचकतो. हे चक्र व्यायामाने तोडता येतं. झिजलेली कूर्चा परत येत नाही, मांडीचं बळ मात्र सत्तरीतही परत येतं.

काहींच्या बाबतीत कारण वेगळं असतं. गुडघ्यातली गादी, म्हणजे दोन हाडांमधली मेनिस्कसची चकती, फाटली असेल तर पाय लचकण्याबरोबर अडकतो, पूर्ण सरळच होत नाही. तरुणपणी कबड्डीत किंवा गाडीवरून पडून लिगामेंटला, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणाऱ्या पट्ट्याला, इजा झाली असेल तर वळताना मांडीचं हाड आणि नडगी एकमेकांवरून सरकल्यासारखी वाटतात. या दोन्हींत नुसत्या व्यायामावर विसंबू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

घरी तीन गोष्टी तपासून पाहता येतात. पहिली, पाणी आहे का. पाय सरळ पसरून बसा, मांडी सैल सोडा. वाटीच्या आतल्या बाजूने तळहाताने खालून वर दोनदा पुसल्यासारखं करा आणि मग वाटीच्या बाहेरच्या बाजूने वरून खाली हलका दाब द्या. आतल्या खळग्यात फुगवटा उमटला तर पाणी आहे. दुसरी, पाय सरळ ठेवून टाच एक वीत उचला. उचलताना गुडघा थोडासाही वाकला तर मांडीचा स्नायू कमजोर आहे. तिसरी, हात छातीवर दुमडून साध्या, न सरकणाऱ्या खुर्चीवरून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. ६० ते ६४ वयाच्या पुरुषाला १४ पेक्षा कमी आणि स्त्रीला १२ पेक्षा कमी वेळा जमलं तर पायांची ताकद सरासरीपेक्षा कमी आहे. हा आकडा लिहून ठेवा. दीड महिन्याने पुन्हा मोजायचा आहे.

एक्स-रे काढायला सांगितला तर दोन्ही गुडघ्यांचा, उभं राहून काढा. झोपून काढलेल्या एक्स-रेत हाडांमधली फट आहे त्यापेक्षा मोठी दिसते आणि झीज कमी वाटते. एमआरआय प्रत्येकाला लागत नाही. पाय अडकत असेल किंवा मोठी इजा झाली असेल तर डॉक्टर तो सांगतील. सकाळचा ताठरपणा झिजेत साधारण अर्ध्या तासात सुटतो. तासाभराहून जास्त टिकत असेल आणि हातांची बोटंही सुजत असतील तर तो दुसऱ्या जातीचा संधिवात असू शकतो, त्याची औषधं वेगळी असतात. गुडघा लाल, गरम आणि सोबत ताप असेल, पोटरी अचानक सुजून दुखू लागली असेल, किंवा पडल्यावर पायावर भारच घेता येत नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

निघण्याआधीची पंधरा मिनिटं

व्यायाम संध्याकाळी घरी आल्यावर करू असं ठरवलं की होत नाही. सकाळी चहा उकळेपर्यंत अर्धे होतात.

रोजचे तीन. एक, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती गुडघ्याने खाली दाबा, मांडी आवळून पाच सेकंद धरा, सोडा, असं दहा वेळा. दोन, आडवे पडा, चांगल्या पायाचा गुडघा वाकवून पाऊल टेकवा, दुखरा पाय सरळ ठेवून फूटभर उचला, तीन सेकंद धरून सावकाश खाली आणा. दहाचे तीन फेरे. फुटापेक्षा वर नेला की काम मांडीकडून कमरेकडे जातं. इथेच बहुतेक जण चुकतात आणि ‘व्यायाम करून फरक पडला नाही’ म्हणतात. तीन, ओट्याला बोटं टेकवून एका पायावर उभं राहा, सुरुवातीला दहा सेकंद, पुढे तीसपर्यंत. हा तोलाचा व्यायाम वगळू नका. लचकणारा गुडघा वेळेवर सावरतो तो याच सवयीने.

आठवड्यातून तीनदा, एक दिवसाआड, ताकदीचे चार करा. खुर्चीवरून उठबस: पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या, नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे झुका, उठा, आणि बसताना तीन आकडे मोजत बसा. धप्पकन बसलं तर अर्धा फायदा गेला. दुखत असेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. दुसरा, कुशीवर झोपून वरचा पाय सरळ, टाच थोडी मागे ठेवून उचला. हा कुल्ह्याच्या बाजूच्या स्नायूचा व्यायाम आहे. तो कमजोर असला की चालताना गुडघा आत पडतो. तिसरा, रबरी पट्टा जड पलंगाच्या पायाला बांधून त्याचा फास गुडघ्यामागे अडकवा, पलंगाकडे तोंड करून उभं राहा, गुडघा जरा वाकवा आणि पट्ट्याविरुद्ध सरळ करा. पूर्ण सरळ होतानाच्या शेवटच्या टप्प्यात पाय सुटतो आणि हा व्यायाम नेमका त्याच टप्प्याचा आहे. चौथा, चार इंच उंच, न हलणाऱ्या पाटावर दुखरा पाय ठेवून उभं राहा, भिंतीला हात लावा, आणि चांगल्या पायाची टाच हळूहळू जमिनीला टेकवून परत वर या. जिना उतरायची तयारी याने होते. उतरताना गुडघा अंगठ्याच्या आत झुकू देऊ नका. आरशासमोर केलं तर लगेच कळतं.

सगळे दहा-दहाचे दोन-तीन फेरे. बारा सहज व्हायला लागले की घोट्याला वजन बांधा, अर्ध्या किलोपासून. विकतचं नको असेल तर जाड कापडाच्या पिशवीत अर्धा किलो वाळू शिवून घ्या. करताना, असह्य दुखण्याला दहा धरलं तर, चारपर्यंत दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते मूळ पातळीवर आलेलं असलं पाहिजे. सूज वाढली तर फेरे निम्मे करा, बंद करू नका. फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे लागतात. तीन आठवड्यांत सोडून देणाऱ्यांना तो कधीच दिसत नाही.

काठी आणि नी कॅप

लोक हजार-दोन हजारांच्या नी कॅप घेतात आणि तीनशे रुपयांच्या काठीला लाजतात. आमचं मत उलट आहे: आधी काठी घ्या. चालतानाचा गुडघ्यावरचा भार ती खरोखर कमी करते, आणि गर्दीत समोरच्याला न सांगता कळतं की या माणसाला धक्का द्यायचा नाही.

माप असं घ्या. रोजची चप्पल किंवा बूट घालून ताठ उभं राहा, हात सैल सोडा, मनगटाच्या आतल्या घडीपासून जमिनीपर्यंतची उंची म्हणजे काठीची मूठ. कोपर थोडंसंच वाकलं पाहिजे. उंच काठीने खांदा चढतो, बुटकीने कंबर वाकते. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची, आणि दुखरं पाऊल व काठी एकाच वेळी पुढे टाकायची. दुखऱ्याच बाजूला धरली तर अंग त्याच पायावर झुकतं आणि भार वाढतो. रस्त्यावर बरेच लोक ती चुकीच्याच हातात धरतात.

तळाचा रबरी बूच झिजला, त्यावरच्या रेषा पुसल्या की लगेच बदला. औषधांच्या मोठ्या दुकानात किंवा सर्जिकलच्या दुकानात तो सुटा मिळतो. ओल्या लादीवर गुळगुळीत बूच सरकतो. घडीची काठी बॅगेत मावते म्हणून सोयीची, पण जोड खुळखुळत असेल तर वापरू नका. चार पायांची काठी घरात ठीक, जिन्याच्या पायरीवर तिचे चारही पाय मावत नाहीत. आणि छत्रीची काठी करू नका, तिचं टोक घसरतं आणि दांडा वाकतो. पावसाळ्यात एका हाताला काठी लागणार, म्हणून छत्रीऐवजी रेनकोट घ्या.

नी कॅप गुडघ्याला उबदार ठेवते आणि सांधा कुठे आहे याची जाणीव वाढवते, त्याने धीर येतो. पण कापडी कॅप लचकणारा गुडघा धरून ठेवू शकत नाही. बाजूला सळया आणि बिजागरी असलेला ब्रेस बाजूचं सरकणं काही प्रमाणात अडवतो. आपल्याकडे बहुतेकांची झीज आतल्या बाजूची असते, पाय धनुष्यासारखे वाकतात. अशांना भार बाहेरच्या बाजूला ढकलणारा ब्रेस मिळतो, तो मात्र फिजिओकडून, म्हणजे फिजिओथेरपिस्टकडून, बसवून घ्या. मापासाठी मांडी आणि पोटरीचा घेर टेपने मोजा आणि पाकिटावरचा तक्ता बघा. दुकानदार नजरेने देईल ते घेऊ नका. पोटरी सुजली, पावलाला मुंग्या आल्या किंवा खोल वळ उठले तर माप चुकलं. झोपताना काढून ठेवा.

पूल, जिना, सरकता जिना

चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी कायम दुखऱ्या पायाच्या सोबत. म्हणजे चढताना चांगला पाय वरच्या पायरीवर, मग दुखरा आणि काठी त्याच पायरीवर. उतरताना काठी आणि दुखरा खाली, मग चांगला. यामागचं कारण साधं आहे: जो पाय वरच्या पायरीवर असतो त्यालाच वाकून अंगाचा भार पेलावा लागतो, तेव्हा तो चांगलाच असायला हवा. सपाटीवर चालताना गुडघ्यावर अंगाच्या वजनाच्या अडीचपट भार येतो, जिना उतरताना साडेतीनपटीच्या आसपास. म्हणून लिफ्ट एकाच बाजूला वापरायची वेळ आली तर उतरायला वापरा, चढून जा.

पूर्ण पाऊल पायरीवर टेकवा, फक्त चवडा नको. मधल्या सपाट जागेवर वळायचं तेव्हा टेकलेल्या पायावर गर्रकन फिरू नका, तीन-चार छोटी पावलं टाकत वळा. आणि पाऊल टेकण्याच्या क्षणभर आधी मांडी मुद्दाम आवळा. सुरुवातीला प्रत्येक पायरीला आठवण करावी लागते, महिन्याभरात अंगवळणी पडतं.

गाडी लागली की सगळा लोंढा एकदम पुलावर येतो. दोन मिनिटं बाकड्याजवळ थांबा, लोंढा जाऊ द्या. कठडा सोडून मधून चालू नका. सरकत्या जिन्यावर आधी पट्टा धरा, मग चांगला पाय ठेवा. उतरतानाही चांगलाच पाय आधी, आणि उतरल्यावर तिथेच थबकू नका, मागचा माणूस अंगावर येतो.

लोकलमध्ये

मुंबईच्या लोकलला थांबायला अर्धा मिनिटही नसतो. म्हणून तयारी गाडीच्या बाहेर करायची. रोजच्या स्टेशनवर कोणता डबा उतरल्यावर जिन्याच्या, लिफ्टच्या जवळ येतो ते पाहून ठेवा आणि चढताना तोच डबा धरा. हे एक ठरवलं तरी रोजची दोन-तीनशे पावलं वाचतात. जमत असेल तर जिथून गाडी सुटते तिथून बसा. डोंबिवलीहून कल्याणला उलटं जाऊन बसून येणारे पुष्कळ आहेत, पास मात्र तिथपर्यंतचा काढावा लागतो. जलद गाडीतल्या चेंगराचेंगरीपेक्षा धीम्या गाडीत पंधरा-वीस मिनिटं जास्त गेली तरी गुडघ्याच्या दृष्टीने सौदा फायद्याचा.

गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पाय उचलू नका. चढताना दाराचा दांडा हाताने घट्ट धरून चांगला पाय आत, उतरताना दुखरा खाली. फलाट आणि डब्याच्या मधली फट पाहून पाऊल टाका. धावती गाडी पकडणं कायमचं बंद. उभं राहायचं तर दाराच्या मधोमध राहू नका. आत सरकून सीटच्या पाठीचा किंवा उभ्या दांड्याचा आधार घ्या. वर लोंबणारी कडी हलते, पाय सुटला की ती हाताला झुलवते. गाडी सुटताना आणि ब्रेक लागताना धक्का पुढे-मागे बसतो, तेव्हा पावलंही गाडीच्या दिशेने पुढे-मागे फाकवून ठेवा, गुडघे अगदी ताठ लॉक न करता. दुखरी बाजू पार्टिशनकडे असू द्या.

बसायला मिळालं तर दुखरा पाय वाटेच्या बाजूला, म्हणजे मधेमधे पसरता येतो. तिघांच्या बाकावर कडेला मिळणारी चौथी सीट नको. अर्ध्या मांडीवर लटकून बसलं की सगळा भार एकाच गुडघ्यावर येतो. उतरायच्या दोन स्टेशनं आधी बसल्या जागी पाय दहा वेळा सरळ करून खाली घ्या, टाचा दहा वेळा उचला, मग दांडा धरून उभं राहा. चाळीस मिनिटं वाकून बसलेला गुडघा एकदम उठून गर्दीत घातला की हमखास सुटतो. फलाट कोणत्या बाजूला येतो ते स्टेशनवार लक्षात ठेवा, म्हणजे ऐन वेळी अंग वळवावं लागत नाही.

दिव्यांगांच्या डब्यात चढायला प्रमाणपत्र लागतं, गुडघा दुखतो एवढं पुरत नाही, दंड होतो. प्रमाणपत्राचं पुढे सांगितलं आहे. मेट्रोत फलाट आणि डबा एका पातळीत असतात, लिफ्टही असते. मार्गावर मेट्रो असेल तर जास्तीचे पैसे गुडघ्याच्या औषधांतून वसूल होतात असं समजा.

एसटी, रिक्षा, दुचाकी, गाडी

एसटीची पहिली पायरी उंच. दोन्ही हातांनी दांडे धरून चांगला पाय वर. बॅग पाठीवर असली पाहिजे, हातात नाही. चाकावरची सीट टाळा, तिथे पाय जास्त दुमडावे लागतात. जीप किंवा टमटमसारख्या उंच गाडीतून उतरताना गाडीकडे तोंड करून, पाठमोरं उतरा. हातांना धरायला मिळतं आणि दुखरा पाय सावकाश खाली सोडता येतो. रिक्षातून उतरताना आधी बसल्या बसल्या दोन्ही पाय बाहेरच्या बाजूला घ्या आणि मग उभं राहा. एक पाय आत आणि एक बाहेर ठेवून पिळवटून उतरणं वाईट.

दुचाकी चालवत असाल तर गिअरच्या बाइकपेक्षा बिनगिअरची स्कूटर बरी. बाइकचा गिअर डाव्या पायात, मागचा ब्रेक उजव्या पायात, त्यामुळे सिग्नलला कोणता पाय टेकवायचा याची मुभा राहत नाही. स्कूटरचे दोन्ही ब्रेक हातात असतात, चांगला पाय टेकवता येतो. घेताना सीटवर बसून दोन्ही पावलं पूर्ण टेकतात का ते पाहा. मेन स्टँडवर चढवणं बंद करा, साइड स्टँड वापरा. किक मारू नका, बॅटरी वेळेवर बदला. आणि गाडी खड्ड्यात कलली तर पाय टाकून सावरायला जाऊ नका. शंभर किलोंची गाडी आणि टेकलेलं पाऊल यांच्यामध्ये पिळ बसून गादी आणि लिगामेंट फाटतात. आठवड्यातून एकदाही पाय लचकत असेल तर डॉक्टरांनी तपासेपर्यंत दुचाकी घरीच ठेवा.

चारचाकीत डावा गुडघा दुखत असेल तर क्लच हेच मुख्य दुखणं आहे. सीट इतकी पुढे घ्या की क्लच पूर्ण दाबूनही गुडघा किंचित वाकलेला राहील. पुढची गाडी घेताना ऑटोमॅटिक घ्या. आत बसताना आधी पाठमोरे सीटवर टेका, मग दोन्ही पाय एकत्र आत फिरवा. सीटवर प्लॅस्टिकची पिशवी ठेवली तर अंग सहज फिरतं, गाडी चालवण्याआधी ती काढून टाका.

कामाच्या जागी

खुर्ची अशी हवी की बसल्यावर कुल्हे गुडघ्यांपेक्षा थोडे वर राहतील, आणि तिला हात हवेत. बुटक्या सोफ्यावर बसवून चहा देणाऱ्या साहेबांना सांगून खुर्ची मागा. टेबलाखाली पाय पसरायला जागा करा, तिथली खोकी हलवा. दर अर्ध्या तासाने पाय दहा वेळा सरळ करा, तासाने एकदा उठा. फोन आला की उभं राहायचं असा नियम केला तर वेगळी आठवण लागत नाही. उठल्यावर लगेच चालू पडू नका, टेबल धरून दोन-तीनदा भार एका पायावरून दुसऱ्यावर घ्या.

दिवसभर उभं राहणाऱ्यांनी, म्हणजे शिक्षक, दुकानातले, हॉटेलातले, पाय आळीपाळीने टेकवायला चार ते सहा इंचांचं लाकडी ठोकळं ठेवावं, आणि उंच स्टूलवर अर्धं टेकून काम करण्याची परवानगी मागावी. सिमेंटच्या लादीवर रबरी चटई टाकली तर संध्याकाळचा ठणका कमी होतो. पायडल मारून शिलाई करणाऱ्यांनी मशीनला मोटर बसवून घ्यावी. खुरपणी, धुणं, पापड लाटणं ही उकिडवं बसून होणारी कामं सगळ्यात वाईट, कारण पूर्ण दुमडलेल्या गुडघ्यात दाब सर्वाधिक असतो. खुरपणीला लांब दांड्याचं खुरपं किंवा हातकोळपं, धुण्याला उंच ओटा, पापडाला टेबल. मांडी घालून पंगतीला बसायचा आग्रह झाला तर स्पष्ट नाही म्हणा.

शौचालयाची गोष्ट कोणी बोलत नाही आणि रोजचा खरा त्रास तिथेच असतो. कमोड नसेल तर भारतीय भांड्यावर ठेवायची मधे भोक असलेली खुर्ची सर्जिकलच्या दुकानात मिळते. भिंतीला आडवा दांडा घट्ट बसवून घ्या. नळ किंवा दाराची कडी धरून उठू नका. त्रास नको म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. त्याने मूत्रमार्गाचं दुखणं मागे लागतं, गुडघा काही बरा होत नाही.

औषधं, शेक, वजन

डायक्लोफिनॅकचं जेल गुडघ्यावर बऱ्यापैकी काम करतं आणि गोळीइतकं पोटाला, किडनीला त्रासत नाही. दर वेळी दोन ते चार ग्रॅम, दिवसातून तीन-चारदा, हलक्या हाताने. वाटाण्याएवढं लावून काही होत नाही, आणि आठवडाभर नियमाने लावल्याशिवाय ठरवू नका. जखमेवर नको, वर गरम पट्टी नको, नंतर हात धुवा. दुखण्याच्या गोळ्या रक्तदाब, किडनी, हृदयाचा विकार, अल्सर किंवा रक्त पातळ करण्याचं औषध असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. ताप असताना डेंग्यू नाही हे कळेपर्यंत त्या टाळाच. गोळी घेऊन दुखणं दाबायचं आणि दुप्पट चालायचं, याची किंमत दुसऱ्या दिवशी सुजेने चुकवावी लागते. सांध्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांवर महिन्याला जाणारे पैसे फिजिओवर घाला. नाव-पत्ता नसलेल्या ‘जादुई’ पुड्या घेऊ नका. अशा चूर्णांत स्टेरॉइडची भेसळ सापडलेली आहे.

ताठरपणाला गरम शेक, सुजेला बर्फ. बर्फ पंचात गुंडाळून पंधरा मिनिटं, थेट कातडीवर नाही.

एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. पाच किलो उतरवणं अवघड आहे, हे कोणी नाकारत नाही, पण त्याने मोठा फरक पडतो. तोच हिशेब बॅगेला लावा. लॅपटॉप, पाण्याची मोठी बाटली आणि दोन डबे मिळून पाच किलो होतात. ते कमी करायला डाएट लागत नाही. बॅग दोन्ही खांद्यांवर घ्या.

कागदपत्रं

अपंगत्वाचं प्रमाणपत्र गुडघेदुखीच्या नावावर आपोआप मिळत नाही. केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करायचा, मग सरकारी रुग्णालयात सांधा किती वाकतो, पाय किती सरळ होतो, ताकद आणि चाल किती बिघडली आहे हे तपासून टक्के ठरतात. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के लागतात. जाताना उभ्याने काढलेले एक्स-रे, जुन्या चिठ्ठ्या आणि पाय लचकल्याच्या नोंदी न्या. सरकारी आस्थापनांसाठी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० मध्ये वाजवी सोयी पुरवण्याची जबाबदारी घातलेली आहे, आणि नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून कामावरून काढता किंवा खालच्या पदावर ढकलता येत नाही. खाजगी नोकरीत डॉक्टरांच्या चिठ्ठीसह लेखी मागा आणि नेमकं मागा. ‘मला त्रास होतो’ याऐवजी ‘तळमजल्यावर जागा, हात असलेली खुर्ची आणि अकराला येऊन सातला जाण्याची मुभा’ असं लिहिलं की साहेबांना हो म्हणायला सोपं जातं.

पाय सुटला त्या दिवशी

पडता पडता सावरलात तर तिथेच थांबा, आधार धरा, पाऊल फिरवू नका. मांडी दोन-तीनदा आवळून पाहा, मग अर्धा भार, मग पूर्ण. गुडघा सरळ होत असेल आणि भार घेत असेल तर सावकाश घरी या. पाय उशीवर वर ठेवा, बर्फ दिवसातून तीन-चारदा. दोन दिवस जिना आणि दुचाकी बंद, पण पलंगाला खिळू नका. टॉवेल दाबायचा व्यायाम त्याच दिवशी चालू ठेवा, तो सुजलेल्या गुडघ्यालाही चालतो. तारीख, जागा आणि त्या वेळी काय करत होतात हे वहीत टिपा: उतरत होतो, वळत होतो, बसून उठलो होतो. चार-पाच नोंदी झाल्या की फिजिओला नेमका कोणता व्यायाम वाढवायचा ते कळतं. सूज दोन दिवसांत ओसरली नाही, किंवा गुडघा अडकला, तर तिसऱ्या दिवशी कामावर न जाता डॉक्टरांकडे जा.